शीतपित्त, मॅग्नेशियम आणि न झालेली चाचणी

दीर्घकाळ टिकणाऱ्या शीतपित्तावर मॅग्नेशियमची पूरक गोळी गुणकारी ठरते, ही समजूत अमेरिकेत चांगलीच रुजलेली असून तिच्याविषयी बोलणाऱ्यांचे साधारणपणे दोन तट पडतात. एका तटाच्या मते तो निव्वळ भाबडेपणा आहे. दुसऱ्याच्या मते औषधकंपन्यांच्या दबावाखाली डॉक्टरांनी दडवून ठेवलेले ते एक स्वस्त सत्य आहे. ही समजूत ज्या प्रयोगांतून निघाली त्यांच्यापर्यंत मागे जाण्याचे कष्ट मात्र दोघांपैकी कोणीच घेत नाही. मागे गेल्यास असे आढळते की, मॅग्नेशियमचा तुटवडा आणि त्वचेची लाली यांचा संबंध अमेरिकेतल्याच एका नामांकित प्रयोगशाळेत नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी पाहिला गेला होता. त्या निरीक्षणापासून आजच्या बाटलीपर्यंत येणाऱ्या वाटेवरील एक पायरी, म्हणजे शीतपित्ताच्या रुग्णांवरील नियंत्रित चाचणी, गाळली गेली आहे. आणि ती गाळली जाण्यामागे अमेरिकेने १९९४ मध्ये समजून-उमजून केलेला एक कायदा आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप स्पष्ट करणे आवश्यक आहे. अंगावर पित्त उठणे किंवा गांधी येणे असे ज्याला मराठी घरांत म्हणतात, त्या विकारात त्वचेवर खाज सुटणारे, उंचवटा असलेले, कडेने लालसर असे चट्टे येतात. एकेक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता मावळते, पण तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते. हा प्रकार सहा आठवड्यांहून अधिक काळ चालू राहिला की त्याला दीर्घकालीन शीतपित्त म्हणतात. त्याचे केंद्र त्वचेतील मास्ट पेशी हे होय. पाउल एर्लिख यांनी १८७८ मध्ये वर्णन केलेल्या या पेशींत कणांच्या रूपाने हिस्टामिन हे रसायन साठवलेले असते, आणि पेशी उद्दीपित होऊन ते कण बाहेर पडले की सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो, मज्जातंतूंची टोके चाळवतात व गांध उठते. वर्षानुवर्षे या रोगाचा दोष अंडी, वांगी, मासे, शेंगदाणे अशा बाहेरच्या पदार्थांवर टाकला गेला. परंतु दीर्घकालीन प्रकारातील बहुसंख्य रुग्णांत असा बाह्य अपराधी सापडतच नाही. मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की काही रुग्णांच्या रक्तात मास्ट पेशींवरील ग्राहकाविरुद्धच, म्हणजे उद्दीपक संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाविरुद्धच, प्रतिपिंडे तयार झालेली असतात. म्हणजेच शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशीला डिवचत असते.

हा खुलासा वैज्ञानिकाला समाधान देतो, पण रुग्णाला तो उपयोगी पडतोच असे नाही. अमेरिकेतील ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन पाठीवर सुया टोचून घेतलेल्या, रक्ताच्या चाचण्या केलेल्या आणि अखेरीस 'कारण सापडत नाही, रोज सेटिरिझिन घ्या' एवढेच ऐकून परतलेल्या माणसाला कारण हवे असते. मॅग्नेशियमची उणीव हे असे कारण आहे की जे समजण्यास सोपे, कोणालाही दोषी न ठरवणारे आणि दुकानात जाऊन दूर करता येणारे आहे. रुग्णाच्या या गरजेला हसण्यासारखे काही नाही. वैद्यकाने रिकामी ठेवलेली जागा कोणीतरी भरणारच.

आता मूळ निरीक्षणाकडे वळावे. 'अ' जीवनसत्त्वाच्या शोधाशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे त्या एल्मर मॅकॉलम यांच्या बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत एच. डी. क्रूझ आणि एल्सा ओरेंट यांनी उंदरांना जवळजवळ मॅग्नेशियमविरहित आहारावर ठेवले आणि १९३२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही दिवसांतच या प्राण्यांचे कान व उघडी त्वचा लालभडक झाली, रक्तवाहिन्या विस्फारल्या, पुढे प्राणी अतिसंवेदनशील झाले व आचके येऊन अनेक दगावले. त्या लालीमागे काय असावे याचा एक धागा १९६३ मध्ये माँट्रियलच्या पिएर ब्वा यांच्या कामातून हाती आला: मॅग्नेशियमपासून वंचित ठेवलेल्या उंदरांच्या मूत्रात हिस्टामिनचे प्रमाण वाढलेले होते आणि मास्ट पेशींतही बदल दिसत होते. वॉशिंग्टनमधील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे विल्यम वेग्लिकी यांनी १९९० नंतरच्या दशकात आणखी एक दुवा जोडला. मॅग्नेशियम घटले की मज्जातंतूंच्या टोकांतून 'सबस्टन्स पी' नावाचे लहानसे प्रथिन स्रवते व तेच दाहाला चालना देते, अशी त्यांची मांडणी होती. २०१५ मध्ये पुन्हा जॉन्स हॉपकिन्समध्येच शिन्झोंग डोंग यांच्या गटाने मास्ट पेशींवरील असा एक ग्राहक ओळखला की जो काही औषधांना प्रतिसाद देऊन ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया घडवतो. सबस्टन्स पी हेही त्याच ग्राहकाला चाळवणाऱ्या द्रव्यांपैकी आहे. याला शरीरक्रियाविज्ञानातील एका जुन्या सत्याची जोड मिळते: मास्ट पेशीतून कण बाहेर पडण्यासाठी पेशीत कॅल्शियम शिरावे लागते आणि मॅग्नेशियम हे अनेक ठिकाणी कॅल्शियमचे नैसर्गिक प्रतिस्पर्धी म्हणून काम करते.

ही साखळी भक्कम वाटते, आणि तिच्यातील प्रत्येक कडी सुटी घेतली तर खरीही आहे. प्रश्न आहे तो त्या कड्या जोडून काढलेल्या निष्कर्षाचा. एखादे द्रव्य पूर्णपणे काढून घेतल्यास विकार होतो, यावरून ते द्रव्य अधिक दिल्यास विकार बरा होतो, असे सिद्ध होत नाही. ते फक्त तेव्हाच खरे ठरते जेव्हा रुग्णाचा विकार त्याच तुटवड्यामुळे झालेला असतो. लिंबाच्या रसाने स्कर्व्ही बरा होतो म्हणून हिरड्यांतून येणारे प्रत्येक रक्त लिंबाने थांबत नाही. शिवाय उंदीर आणि माणूस यांच्यातील अंतर येथे नेमके महत्त्वाचे आहे. उंदराच्या मास्ट पेशींत सेरोटोनिनचाही मोठा साठा असतो, माणसाच्या त्वचेतील मास्ट पेशींचे तसे नाही. न्यूयॉर्कमधील वैद्य मॉरिस शिल्स यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वेच्छेने तयार झालेल्या मोजक्या व्यक्तींना मॅग्नेशियमरहित आहारावर ठेवून माणसातील तुटवड्याचे चित्र टिपले. त्यात रक्तातील कॅल्शियम व पोटॅशियम उतरणे, भूक मरणे, मळमळ, स्नायूंचा कंप व ताठरपणा ही लक्षणे प्रमुख होती. बाल्टिमोरच्या उंदरांच्या लाल कानांना शोभेल असे काही त्या चित्रात ठळकपणे आढळत नाही. मॅग्नेशियमच्या बाजूने लिहिणारे १९३२ पासून सुरुवात करतात आणि शिल्स यांच्यापाशी न थांबता पुढे निघून जातात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

केवळ यंत्रणा पटते म्हणून उपचार पटवून घेणे किती धोक्याचे आहे, हे शीतपित्ताच्याच इतिहासात एकदा दिसून गेले आहे. टायफॉइडच्या लसीमुळे पुढे प्रसिद्ध झालेले ब्रिटिश वैद्य ॲल्म्रॉथ राइट यांनी १८९६ मध्ये असे प्रतिपादन केले की गांधी उठण्यामागे रक्ताची गोठण्याची शक्ती कमी पडणे हे कारण असते, आणि कॅल्शियमने ती शक्ती वाढत असल्यामुळे कॅल्शियमचे क्षार हा त्यावरचा उपाय होय. सिद्धान्त कालांतराने मागे पडला, उपाय मात्र टिकला. भारतात आणि महाराष्ट्रातही गावोगावच्या दवाखान्यांत पित्त उठलेल्या माणसाला शिरेतून कॅल्शियमचे इंजेक्शन देण्याची प्रथा दीर्घकाळ चालली. ते देताना सर्वांगात ऊब पसरते आणि औषध 'लागू पडल्याची' खात्री रुग्णाला जागच्या जागी मिळते, हेही तिच्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. म्हणजे ज्या रोगावर आज कॅल्शियमला अडवणारे म्हणून मॅग्नेशियम सुचवले जाते, त्याच रोगावर तीन पिढ्यांनी प्रत्यक्ष कॅल्शियमच घेतले आणि त्यांनाही बरे वाटल्याचे त्यांनी सांगितले. परस्परविरोधी द्रव्यांना सारख्याच समाधानकारक स्पष्टीकरणांसह एकाच रोगावरचा उपाय ठरवता येत असेल, तर स्पष्टीकरणाचे समाधानकारक असणे हा पुरावा मानता येणार नाही.

यावर असे उत्तर दिले जाते की अमेरिकेत मॅग्नेशियमची उणीव सर्वत्र पसरलेली आहे आणि म्हणून ती भरून काढणे केव्हाही हितकारकच. या उत्तराच्या पूर्वार्धात तथ्य आहे. राष्ट्रीय पातळीवरील आहार-सर्वेक्षणांनुसार सुमारे ४८ टक्के अमेरिकी लोक अन्नपाण्यातून आवश्यक सरासरीपेक्षा कमी मॅग्नेशियम घेतात. प्रौढ पुरुषासाठी दिवसाला ४०० ते ४२० मिलिग्रॅम आणि स्त्रीसाठी ३१० ते ३२० मिलिग्रॅम अशी तेथील शिफारस आहे. गव्हाचा कोंडा व अंकुर काढून मैदा करताना त्यातील बहुतेक मॅग्नेशियम निघून जाते, आणि पांढऱ्या पावावर चालणाऱ्या आहारात ते परत येत नाही. पण शिफारशीपेक्षा कमी सेवन आणि शरीरातील रोगकारक तुटवडा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत; मूत्रपिंडे मॅग्नेशियम राखून धरण्याचे काम फार कुशलतेने करतात. त्याहून साधा प्रतिवाद असा की, जवळजवळ निम्मा देश ज्या अवस्थेत आहे ती अवस्था जर गांधी उठण्यास पुरेशी असती, तर दीर्घकालीन शीतपित्त लोकसंख्येच्या सुमारे एक टक्क्यापुरते मर्यादित राहिले नसते. काही व्यक्ती जात्याच अधिक संवेदनशील असून त्यांच्यात सौम्य उणीवही पुरेशी ठरत असेल, ही शक्यता अर्थातच उरते. परंतु ती शक्यता म्हणजे तपासून पाहण्याजोगे एक गृहीतक होय. बाटलीवर छापण्याजोगा निष्कर्ष नव्हे.

तपासण्याची अडचण येथेच सुरू होते. प्रौढ शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायू व मऊ ऊतींत, आणि रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे नेहमीच्या रक्तचाचणीत आकडा ठीक आला तरी साठा ठीक आहेच असे म्हणता येत नाही. ही मर्यादा खरी असून प्रामाणिक संशोधकही ती मान्य करतात. विक्रेत्याच्या हाती मात्र तिचे रूप पालटते: चाचणीत उणीव दिसली तर गोळी हवी, आणि न दिसली तर ती 'लपलेली' आहे म्हणून गोळी हवीच. कोणत्याही निकालाने खोटे न पडणारे विधान सुरक्षित असते, पण रुग्णाला त्यातून स्वतःविषयी काहीच कळत नाही.

राहिला अनुभव. 'घेतल्यापासून गांधी थांबल्या' असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेले त्यांनी सांगितलेले असते. परंतु दीर्घकालीन शीतपित्त हा स्वतःवर प्रयोग करून निर्णय घेण्यास सर्वांत गैरसोयीच्या रोगांपैकी एक आहे, कारण तो आठवड्याआठवड्याला चढतो-उतरतो आणि बहुतेकांत काही वर्षांत आपोआप शमतो. माणूस नवा उपाय शोधतो तो रोग शिगेला पोचलेला असताना. त्यानंतर उतार येणे हे उपायाविनाही संभवते. या उताराचे मोजमाप उपलब्ध आहे. ओमालिझुमॅब या इंजेक्शनच्या, मार्कुस माउरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या चाचणीत ३२३ रुग्ण होते आणि खाजेची तीव्रता आठवड्याला ० ते २१ अशा गुणांनी मोजली होती. सुरुवातीला सर्व गटांची सरासरी १४ च्या आसपास होती. बारा आठवड्यांनी ३०० मिलिग्रॅम औषध मिळालेल्या गटाचे गुण ९.८ ने घटले. पण ज्यांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखेच दिसणारे परंतु औषधद्रव्य नसलेले इंजेक्शन मिळाले होते, त्यांचेही गुण ५.१ ने घटले होते. ही घट एक तृतीयांशाहून अधिक आहे, आणि ती काहीही न देता झालेली आहे. मॅग्नेशियम घेऊन खाज एक तृतीयांशाने कमी झाल्याचे सांगणाऱ्या माणसाने या गटाची आठवण ठेवली पाहिजे.

उलट दिशेचाही एक सापळा आहे. गोळी लागू पडतेसे वाटून पुष्कळ जण रोजचे सेटिरिझिन अचानक सोडतात. एफडीए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये इशारा दिला की सेटिरिझिन किंवा लेव्होसेटिरिझिन दीर्घकाळ घेऊन थांबवल्यावर काही लोकांना, प्रमाण विरळ असले तरी, अत्यंत तीव्र खाज सुटते. ही खाज मूळ रोग परतल्याची खूण समजून माणूस मॅग्नेशियमची मात्रा वाढवतो, पुढे ती खाज काळाबरोबर किंवा सेटिरिझिन पुन्हा सुरू केल्याने शमते, आणि श्रेय मात्र वाढवलेल्या मात्रेला मिळते.

अशा रोगात खरेखोटे ठरवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे तुलना-गट असलेली चाचणी. ती अवघड नाही. ओमाहा येथील नेब्रास्का विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात 'ड' जीवनसत्त्वाची अशीच चाचणी घेऊन २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. दीर्घकालीन शीतपित्ताच्या ४२ रुग्णांचे यादृच्छिक रीतीने दोन गट पाडून नेहमीच्या औषधांसोबत एका गटाला रोज ४००० आणि दुसऱ्याला ६०० एककांची मात्रा बारा आठवडे देण्यात आली. पहिल्या आठवड्यात दोन्ही गटांत त्रास सुमारे एक तृतीयांशाने घटला (येथेही तोच जुना परिचित आकडा), आणि पुढे मोठी मात्रा घेणाऱ्या गटात आणखी सुधारणेचा कल दिसला. चाचणी लहान होती व तिच्यावरून फार मोठा दावा करता येत नाही. पण तिने प्रश्न नीट विचारला. मॅग्नेशियमच्या वाट्याला शीतपित्तासंदर्भात या तोडीचीही चाचणी आलेली नाही, आणि या रोगाच्या कोणत्याही प्रमुख उपचार-मार्गदर्शिकेत त्याची शिफारस नाही.

असे का व्हावे, याचे नेहमीचे उत्तर असे की मॅग्नेशियमवर पेटंट मिळत नाही, म्हणून कोणी पैसा घालत नाही. हे उत्तर अर्धेच आहे. पेटंट नसलेल्या द्रव्याचाही व्यापार अमेरिकेत प्रचंड चालतो. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५८ टक्के प्रौढांनी कोणते ना कोणते आहारपूरक घेतल्याचे सांगितले होते. अर्थात या व्यवसायात पैसा आहे. तो चाचणीकडे का वळत नाही याचे कारण कायद्यात आहे. युटाचे सिनेटर ऑरिन हॅच आणि आयोवाचे टॉम हार्किन यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या आणि २५ ऑक्टोबर १९९४ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी स्वाक्षरी केलेल्या आहारपूरक-विषयक कायद्याने जीवनसत्त्वे, खनिजे, वनस्पतिजन्य पदार्थ इत्यादींना औषधांच्या नियमांतून काढून खाद्यपदार्थांच्या बाजूला ठेवले. परिणामकारकता सिद्ध करून आगाऊ परवानगी मिळवण्याची अट विक्रेत्यावर राहिली नाही. त्याला शरीराची रचना वा कार्य यांविषयी विधान करता येते, उदाहरणार्थ 'निरोगी त्वचेला साह्य करते'. मात्र रोगाचे नाव घेता येत नाही, आणि हे विधान एफडीएने तपासलेले नसून हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार, उपशम वा प्रतिबंध यांसाठी नाही, अशी सूचना बाटलीवर छापावी लागते.

या तरतुदीचा परिणाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. समजा, एखाद्या विक्रेत्याने स्वखर्चाने चांगली चाचणी केली आणि मॅग्नेशियम शीतपित्तावर निष्फळ ठरले, तर त्याचा ग्राहक जाईल. आणि समजा, ते गुणकारी ठरले, तर 'शीतपित्तावर उपाय' हे शब्द बाटलीवर छापताक्षणी कायद्याच्या दृष्टीने ते उत्पादन औषध बनेल व नव्या औषधाला लागणारी सगळी परवानगी-प्रक्रिया त्याच्या मागे लागेल. म्हणजे अपयश तोट्याचे आणि यशही वापरता न येणारे. या स्थितीत चाचणी न करणे हाच व्यापारी शहाणपणा ठरतो, आणि त्यासाठी कोणत्याही कारस्थानाची गरज पडत नाही. रोग होण्याचा धोका कमी होतो अशा स्वरूपाच्या सौम्य दाव्यांसाठी एक वेगळी वाट आहे, आणि जानेवारी २०२२ मध्ये एफडीएने मॅग्नेशियम व उच्च रक्तदाब यांविषयी तसा दावा करू दिला, पण पुरावा विसंगत व अनिर्णायक असल्याचे त्यातच नमूद करण्याच्या अटीवर. झालेल्या रोगावरील उपचाराला ती वाटही लागू नाही.

कायद्याच्या बाजूने ग्राहकस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला गेला व तो हलका नाही. आपल्या शरीरात काय घालावे हे ठरवण्याचा हक्क प्रौढ माणसाला असला पाहिजे, आणि जीवनसत्त्वाच्या गोळीसाठी डॉक्टरची चिठ्ठी मागणे हास्यास्पद ठरेल. परंतु निवडीचे स्वातंत्र्य माहितीवर उभे असते. या कायद्याने निवड दिली आणि माहिती निर्माण करण्याचे कारणच काढून टाकले; प्रयोगाचा भार प्रयोगशाळेवरून उचलून एकट्या रुग्णावर टाकला, आणि शीतपित्तासारख्या रोगात तो एकटा रुग्ण योग्य निष्कर्ष काढूच शकत नाही, हे वर आलेच आहे.

मॅग्नेशियम निरुपद्रवी आहे, मग वाद कशाला, असेही विचारले जाते. निरोगी मूत्रपिंडे असलेल्या माणसाला मध्यम मात्रेने गंभीर अपाय होण्याची शक्यता कमी आहे, हे मान्य करावे लागेल. अमेरिकेत पूरक रूपातील मॅग्नेशियमची प्रौढांसाठी ठरलेली कमाल मर्यादा दिवसाला ३५० मिलिग्रॅम असून तिच्यापुढे गेल्यास जुलाब हा पहिला त्रास होतो. मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या माणसात मात्र ते रक्तात साचून रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो व हृदयाचे ठोके मंदावू शकतात. शीतपित्ताच्या रुग्णांपुरते दोन मुद्दे अधिक निकडीचे आहेत. या रुग्णांत थायरॉइडचा स्वप्रतिरक्षित विकार इतरांपेक्षा अधिक आढळतो, आणि त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनचे शोषण मॅग्नेशियमने घटते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर ठेवावे लागते. दुसरे असे की, फेक्सोफेनाडिन हे शीतपित्तावरचेच एक प्रचलित अँटीहिस्टामिन ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त अँटासिडबरोबर घेतल्यास शरीरात सुमारे ४० टक्क्यांनी कमी पोचते, आणि म्हणून दोन्ही एका वेळी घेऊ नयेत असे त्या औषधाच्या वेष्टनावरच लिहिलेले असते. गुण येण्यासाठी घेतलेल्या गोळीने गुण देणाऱ्या औषधाची वाट अडवावी, अशी ही शक्यता आहे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांच्या संदर्भात आणखी एका वाटेचा उल्लेख करणे भाग आहे. आम्लपित्त आणि अंगावरचे पित्त यांचे मूळ एकच, ही धारणा मराठी घरांत जुनी आहे. आमसुलाचे पाणी पोटातही घेतले जाते आणि गांधींवर चोळलेही जाते. हीच धारणा अमेरिकेत गेल्यावर आमसुलाऐवजी ओमेप्राझोलच्या डबीपर्यंत पोचते, जी तेथे २००३ पासून चिठ्ठीविना मिळते. डबीवर चौदा दिवसांची मर्यादा लिहिलेली असते, आणि ती वर्षानुवर्षे ओलांडली जाते. जठरातील आम्ल दाबणाऱ्या या औषधगटामुळे दीर्घ वापरात रक्तातील मॅग्नेशियम उतरू शकते, असा इशारा एफडीएने २०११ मध्ये दिला. त्याबरोबरच असेही नोंदवले की नोंद झालेल्या सुमारे एक चतुर्थांश प्रकरणांत मॅग्नेशियम देऊनही पातळी सुधारली नाही, ते औषधच थांबवावे लागले. येथे उणीव खरी आहे, मोजता येणारी आहे आणि तिचे कारणही हाती आहे. पण तिच्यावरचा उपाय पुष्कळदा बाटली वाढवण्यात नसून आधीची डबी वैद्याच्या सल्ल्याने कमी करण्यात आहे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधे, अनियंत्रित मधुमेह, मद्यपान आणि आतड्याचे जुनाट विकार हीदेखील खऱ्या उणिवेची कारणे होत. अशा माणसाने मॅग्नेशियम भरून काढावेच, गांधी थांबोत वा न थांबोत. ज्याला आहारातून ते वाढवायचे आहे त्याला भोपळ्याच्या बिया, बदाम, पालक, डाळी आणि घरची ज्वारी-बाजरी पुरेशी आहेत.

मॅग्नेशियमच्या बाबतीत होणारे सर्वांत मोठे नुकसान गोळीच्या किमतीत मोजता येत नाही. दीर्घकालीन शीतपित्तावर आज चढत्या क्रमाचे उपचार उपलब्ध आहेत: झोप न आणणारी नवी अँटीहिस्टामिने, गरजेनुसार तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्यांची चौपटीपर्यंत मात्रा, मग २०१४ पासून मान्यता असलेले ओमालिझुमॅब, आणि २०२५ मध्ये त्यांत भर पडलेली डुपिलुमॅब व रेमिब्रुटिनिब ही औषधे. महागड्या औषधासाठी विमा कंपनीची पूर्वमंजुरी मिळवण्याची दगदग अमेरिकेत मोठी आहे, नोकरी बदलली की विमाही बदलतो, आणि या दगदगीला कंटाळलेला माणूस बाटलीकडे वळला तर त्याला एकट्याला दोष देता येत नाही. तरीही पहिल्याच पायरीवरील औषधाची मात्रा नीट न वाढवता महिनोन्महिने खाजत राहणे ही टाळता येण्याजोगी हानी आहे. आणि ओठ, जीभ वा घसा सुजून श्वास अडखळू लागल्यास पूरक गोळीचा विचारही न करता ९११ या क्रमांकावर मदत मागवणे आवश्यक आहे.

मॅग्नेशियम शीतपित्तावर निरुपयोगी असल्याचे कोणी सिद्ध केलेले नाही, आणि बाल्टिमोरच्या उंदरांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही अनुत्तरित आहे. तो सोडवण्यास लागणारी चाचणी माफक खर्चाची आहे: नेहमीची अँटीहिस्टामिने चालू ठेवून यादृच्छिक रीतीने पाडलेले दोन गट, एकाला ३५० मिलिग्रॅमच्या आतील मॅग्नेशियम व दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी गोळी, बारा आठवड्यांचा काळ, प्रारंभी व शेवटी मॅग्नेशियमच्या पातळीची नोंद, आणि गांधींची संख्या व खाज यांची आठवडाभराची बेरीज करून ० ते ४२ गुणांत मोजणारी जगभर वापरली जाणारी पद्धत. विक्रेते ती करणार नाहीत, कारण कायद्याने त्यांना तसे कारण ठेवलेले नाही. म्हणून ती सार्वजनिक पैशातून व्हायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आहारपूरकांच्या वैज्ञानिक अभ्यासासाठी १९९५ पासून एक स्वतंत्र कार्यालय आहे, आणि हे काम त्याने हाती घ्यावे. ते कार्यालय स्थापन करण्याचा आदेश १९९४ च्या त्याच कायद्यात आहे.